थव्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

इंग्रजी मजकूर तपासून देणं हा माझा व्यवसाय. जंगलातल्या रिसॉर्टची माहितीपत्रकं, शाळांची स्वाध्याय-पुस्तकं, पक्षिमित्रांचे वार्षिक अंक, शेळीपालनाच्या कर्जासाठी बँकेला द्यायचे अहवाल, असं मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेलं बरंच काही माझ्याकडे येतं. त्यात प्राणी आले की एक प्रश्न ठरलेला: "ताई, यांच्या समूहाला काहीतरी खास शब्द आहे ना?" असतो. पुष्कळदा एकाच्या जागी चार-पाच असतात, आणि त्यातला सगळ्यात चमकदार शब्द सगळ्यात बिनकामाचा निघतो. या कामातून जे हाती लागलं ते इथे क्रमांक घालून लिहिते आहे. क्रमांक फक्त सोयीसाठी आहेत, वरचा मुद्दा मोठा आणि खालचा लहान असं काही नाही.

१. आधी प्राणी काय करतोय ते विचारा

मराठीत प्राणी कोणता एवढं कळलं की शब्द बहुधा ठरतो. पाखरं असतील तर थवा, गुरं असतील तर कळप. इंग्रजीत मात्र कित्येकदा तोच प्राणी या घडीला काय करतोय यावर शब्द बदलतो.

पट्टकदंब घ्या. हिवाळ्यात हिमालय ओलांडून हे हंस आपल्या तलावांवर उतरतात. काठावर चरत, कलकलाट करत असतात तेव्हा ते 'गॅगल'. तेच उठून आभाळात रांग धरून निघाले की 'स्कीन'. एका अंकात उडत्या रांगेच्या सुंदर छायाचित्राखाली 'अ गॅगल ऑफ गीज' असं छापायला निघालं होतं. छायाचित्रकाराला मी विचारलं, "पक्षी जमिनीवर होते का?" तो म्हणाला, "डोळ्यांना दिसत नाही का तुम्हाला, उडताहेत की!" मग शब्दही उडताच हवा.

मधमाश्यांच्या बाबतीत हा फरक पैशाचा होतो. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून मधमाशीपालनाचे अहवाल माझ्याकडे जास्त येऊ लागले. त्यात हमखास दिसणारं वाक्य म्हणजे 'पन्नास स्वार्म्स विकत घ्यायचे आहेत'. 'स्वार्म' म्हणजे जुनी राणी निम्म्याअधिक कामकरी माश्या घेऊन घर सोडून निघते तो उडता घोळका. तो फांदीला लटकतो, थोडा वेळ थांबतो आणि नव्या जागी जातो. पेटीत नांदणारं, राणी, कामकरी, अंडी, अळ्या असं सगळं असलेलं कुटुंब म्हणजे 'कॉलनी'. आणि ते जिथे राहतं ते घर, म्हणजे पेटी, ती 'हाइव्ह'. बँकेच्या अधिकाऱ्यानं 'पन्नास स्वार्म्स' वाचलं तर त्याला वाटेल की हा गृहस्थ पळून जाणाऱ्या माश्यांवर कर्ज मागतोय. सातेरी माश्यांच्या पेट्या घेताना शेतकरी कुटुंबंच मोजतो, मग इंग्रजीतही कुटुंबंच लिहावीत.

टोळधाडीत तर हा भेद सरकारी कामकाजाचा भाग आहे. मे २०२० मध्ये टोळ मध्य प्रदेशातून अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले, वरूड-मोर्शी-काटोलच्या संत्रापट्ट्यात थाळ्या वाजू लागल्या. त्या दिवसांत तिकडच्या बातम्यांचे इंग्रजी मसुदे पाहताना 'स्वार्म' आणि 'बँड' हे शब्द कसेही अदलाबदल करून वापरलेले दिसायचे. पंख फुटलेल्या, उडणाऱ्या प्रौढ टोळांचा 'स्वार्म' होतो. पंख न फुटलेली, जमिनीवरून उड्या मारत सरकणारी पिल्लं असतील तर 'हॉपर बँड'. दोन्हींवरचे उपाय वेगळे, फवारणीच्या वेळा वेगळ्या. उडत्या टोळांच्या एका चौरस किलोमीटरमध्ये चार ते आठ कोटी कीटक असू शकतात, आणि ते रात्री झाडांवर बसतात तेव्हाच गाठावे लागतात. विदर्भात आले ते उडते होते. तिथे 'बँड' लिहिणाऱ्यानं चुकीच्या किड्याचं वर्णन केलं.

२. ही सुंदर यादी आली कुठून ते माहीत असावं

कावळ्यांचा 'मर्डर', डोमकावळ्यांची 'अनकाइंडनेस', चंडोलांचं 'एक्झाल्टेशन', सिंहांचा 'प्राइड'. हे वाचून माणूस हरखतो, आणि हे सगळं इंग्रजी व्याकरणाचं अंग आहे असं समजतो. कुणीतरी विद्वानांनी प्रत्येक प्राण्याला शब्द नेमून दिला, आता तो पाळायचा. प्रत्यक्षात ही मंडळी शिकारीच्या दरबारी चालीरीतींतून आली.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथल्या छापखान्यात १४८६ साली एक पुस्तक छापलं गेलं. ससाणे पाळण्याची कला, शिकार आणि सरदारांची कुलचिन्हं हे त्याचे विषय. शिकारीचा भाग जुलियाना बर्नर्स नावाच्या बाईंच्या नावावर चालत आला आहे. त्या जोगीण होत्या म्हणतात, पण त्यांच्याविषयी खात्रीलायक असं फारच थोडं हाती लागतं. या पुस्तकात 'पशुपक्ष्यांच्या मेळाव्यां'ची दीडशेहून अधिक नावांची यादी आहे. त्याआधीच्या हस्तलिखितांतही अशा याद्या सापडतात. दहा वर्षांनी, १४९६ मध्ये, विंकिन द वर्ड या मुद्रकानं ते पुस्तक मासेमारीवरच्या प्रकरणासह पुन्हा छापलं आणि यादी पसरली.

त्या काळी सरदारघराण्यातल्या मुलाला हे शब्द यावेत अशी अपेक्षा असे. चुकीचा शब्द वापरला तर तो खानदानी नव्हे, असा अर्थ निघायचा. आर्थर कॉनन डॉयलच्या १९०६ च्या 'सर नायजेल' या ऐतिहासिक कादंबरीत एक म्हातारा सरदार तरुण नायकाला हेच शब्द घोकायला लावतो. आपल्याकडे पंगतीत डावी बाजू-उजवी बाजू सांभाळून वाढता येतं की नाही यावरून सुनेची पारख करत, त्याच जातीची ही परीक्षा.

पण या यादीतली खरी गंमत पुढे आहे. तीत फक्त पशुपक्षी नाहीत. न्यायाधीशांचं 'सेंटेन्स', वकिलांचं 'एलोक्वेन्स', निरोप्यांचं 'डिलिजन्स', वीणा वाजवणाऱ्यांची 'मेलडी', आणि जोगिणींची चक्क 'सुपरफ्लुइटी', म्हणजे नको इतक्या झालेल्या जोगिणी! बायकांच्या घोळक्यालाही हंसांचाच 'गॅगल' लावला आहे, त्यावर काही बोलत नाही. म्हणजे यादी करणाऱ्यांना नियम सांगायचे होते तितकीच टवाळीही करायची होती. न्यायाधीशांबद्दलची कोटी आपण कोटी म्हणून हसून सोडतो आणि तिच्याच शेजारचा पक्ष्याचा शब्द मात्र नियम म्हणून पाठ करतो, हा प्रकार मला मजेदार वाटतो.

जॉन हॉजकिन नावाच्या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या यादीचा एकेक शब्द तपासला. त्यातले कित्येक शब्द समूहाचे नव्हेतच, असं त्याचं म्हणणं होतं. कुठे प्राण्याचा आवाज आहे, कुठे त्याची सवय, कुठे स्वभाव. नंतरच्या लोकांनी सरसकट सगळ्यांना समूहवाचक करून टाकलं. शिवाय नकलाकारांच्या हातून शब्द बिघडत गेले. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या 'बिझिनेस'चं, म्हणजे लगबगीचं, चुकीच्या वाचनातून एक वेगळंच अर्थहीन रूप तयार झालं आणि ते याद्यांमधून प्रतिष्ठेनं मिरवत राहिलं.

घुबडांची 'पार्लमेंट' तर या जुन्या यादीत नाहीच. चॉसरनं चौदाव्या शतकात पक्ष्यांच्या संसदेवर काव्य लिहिलं होतं. त्यावर कोटी करून सी. एस. लुईसनं १९५३ च्या 'द सिल्व्हर चेअर' या मुलांच्या कादंबरीत एका प्रकरणाला घुबडांच्या संसदेचं नाव दिलं. आज ते प्राचीन ज्ञान म्हणून प्रश्नमंजूषेत विचारलं जातं. १९६८ मध्ये जेम्स लिप्टनचं या शब्दांवरचं पुस्तक आलं, त्यात जुन्यांबरोबर त्यानं स्वतः घडवलेले नवे शब्दही होते, आणि मग खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. जिराफांचा 'टॉवर', झेब्र्यांचा 'डॅझल', फ्लेमिंगोंचं 'फ्लॅम्बॉयन्स' हे आधुनिक काळातले शब्द. मध्ययुगीन इंग्लंडातल्या शिकाऱ्याला झेब्र्यासाठी शब्द कशाला लागेल?

३. माझी एकच कसोटी

शब्द खरा आहे की शोभेचा, हे ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. तो शब्द, शब्दाची गंमत सांगण्यासाठी नव्हे, तर प्राण्याविषयी काही सांगताना कुणी वापरला आहे का ते शोधते. शोधनिबंध, वनखात्याचे अहवाल, शेतीची पुस्तकं, जुनी प्रवासवर्णनं, काहीही चालेल. गिधाडांचं उदाहरण द्यायचं तर याद्यांत त्यांना तीन शब्द आहेत. बसलेली असतील तर 'कमिटी', मेलेल्या जनावरावर असतील तर 'वेक', आणि गरम हवेच्या झोतावर घिरट्या घालत वर चढत असतील तर 'केटल'. यातला 'केटल' शिकारी पक्ष्यांची मोजणी करणारे लोक रोज वापरतात. दुर्बिणीतून पाहताना तो त्यांना लागतो. 'कमिटी' मला शब्दांच्या याद्यांबाहेर भेटलेली नाही. आपल्याकडच्या कमिट्या पाहता शब्द चपखल आहे हे खरं, पण तो गिधाडांपेक्षा कमिट्यांविषयी जास्त सांगतो.

जेलीफिशचा याद्यांतला शब्द 'स्मॅक'. समुद्राचे अभ्यासक लिहितात 'ब्लूम', कारण त्यांना एकाएकी वाढलेल्या संख्येविषयी बोलायचं असतं.

कधीकधी शोभेचा शब्द जिवंत होतो, हेही मान्य करायला हवं. 'मर्मरेशन' हा साळुंक्यांच्या कुळातल्या 'स्टार्लिंग' पक्ष्यांचा शब्द त्याच १४८६ च्या यादीतला. कित्येक शतकं तो जवळजवळ निजलेला होता. मग संध्याकाळच्या आभाळात धुरासारखे आकार बदलणाऱ्या थव्यांच्या चित्रफिती घरोघर पोचल्या, आणि त्या विशिष्ट हालचालीसाठी शब्द हवाच होता. आता तो नुसत्या थव्याचा शब्द राहिलेला नाही, त्या सामूहिक वळणावळणांचा झाला आहे. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकांना हे दृश्य सांगायला नको. मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या ज्वारी भरात असताना शेतावर उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. त्याच भोरड्या तिन्हीसांजेला रातथाऱ्यावर उतरण्याआधी आभाळात जे करतात ते 'मर्मरेशन'. ज्वारीच्या कणसांवर बसलेल्या असतात तेव्हा साधा 'फ्लॉक'. शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही वेळा उपद्रवच, पण भाषेला फरक आहे.

रोमच्या आकाशातल्या अशाच थव्यांचा अभ्यास जॉर्जो पारिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पारिसींना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अव्यवस्थित आणि गुंतागुंतीच्या रचनांवरच्या कामासाठी. प्रत्येक पक्षी अंतर न पाहता आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो, असं त्यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं. त्या निबंधात थव्याला शब्द कोणता? 'फ्लॉक'. एवढं अद्भुत सांगायचं असताना शब्द नटवण्याची गरज त्यांना पडली नाही.

४. मराठीतला शब्द जसाच्या तसा उचलू नका

'माकडांची टोळी' हे शाळेपासून आपल्या तोंडात. त्यामुळे मसुद्यात 'अ गँग ऑफ मंकीज' येतं, आणि इंग्रजी वाचकाला माकडांनी दरोडा घातल्यासारखं वाटतं. लोणावळ्याच्या घाटात पिशव्या पळवणाऱ्या माकडांबद्दल ते एक वेळ चालेल. एरवी 'ट्रूप'. 'कळप' तर आणखी फसवा. गाई, हत्ती, चितळ, गवे, मेंढ्या, सगळ्यांना आपण कळप म्हणतो. इंग्रजीत मेंढ्या 'फ्लॉक'मध्ये आणि गाई 'हर्ड'मध्ये. मेंढ्या-शेळ्या एकत्र असतील, जशा आपल्याकडच्या धनगरांच्या वाड्याबरोबर असतात, तरी 'फ्लॉक' म्हणून भागतं. रानडुकरांना 'साउंडर' हा खास शब्द आहे आणि तो माझ्या कसोटीला उतरतो, शिकारीच्या आणि शास्त्रीय अशा दोन्ही लेखनात तो सापडतो. पण पीकनुकसानीच्या अर्जात लिहिला तर ज्याच्यासाठी अर्ज आहे त्यालाच कळणार नाही. तिथे 'हर्ड'.

५. एकट्या प्राण्याला जबरदस्तीनं समाज देऊ नका

ताडोबाच्या आसपासच्या माहितीपत्रकांत 'ॲन अँबुश ऑफ टायगर्स' पाहिलं की माझी लाल पेन्सिल आपोआप उचलली जाते. वाघ एकटा राहतो. तीन-चार वाघ एकत्र दिसले तर ती वाघीण आणि तिची वाढती पिल्लं, क्वचित भावंडं. मग तसंच लिहावं: 'अ टायग्रेस अँड हर थ्री कब्ज'. हे वाक्य वाचून पर्यटक जास्त खूश होतो, कारण त्यात गोष्ट आहे. गेंड्यांच्या 'क्रॅश'चंही तेच. काझीरंगात पाणवठ्यावर पाच-सहा गेंडे दिसतात, पण ते पाण्याला आलेले असतात, एकमेकांकडे नव्हे.

याउलट कोळसुन, म्हणजे रानकुत्रे, खरोखरच टोळीनं जगतात आणि टोळीनंच शिकार करतात. त्यांचा 'पॅक' हा शब्द शंभर टक्के कमावलेला आहे.

६. समूहात नर कोण, मादी कोण हे पाहा

इथे मला खरा रस आहे. काही प्राण्यांत एकाच जातीचे दोन वेगळे समूह असतात आणि इंग्रजी त्यांना वेगळे शब्द देते. हनुमान लंगूर म्हणजे आपलं वानर. माद्या, पिल्लं आणि बहुधा एकच मोठा नर असा संसार असतो, तो 'ट्रूप'. त्यातून हाकलले गेलेले किंवा अजून संसार न मिळालेले नर वेगळे फिरतात, त्यांना अभ्यासक 'ऑल-मेल बँड' म्हणतात. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेनं माउंट अबूच्या लंगूरांवर १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेलं पुस्तक या विषयात गाजलं. बाहेरचा नर येऊन संसार ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे वर्तन त्यातून चर्चेत आलं. आता ही कहाणी सांगताना 'ट्रूप' आणि 'बँड' यांची गल्लत केली तर कोण कुणावर चालून गेलं तेच समजणार नाही. गावातल्या मंदिराच्या कळसावर बसलेली दहा वानरं सगळी नर आहेत का, हे पुजाऱ्याला माहीत असतं. मी विचारून घ्यायला सांगते.

गीरच्या सिंहांबाबत तीच काळजी. आफ्रिकेवरच्या माहितीपटांनी आपल्याला शिकवलेला 'प्राइड' म्हणजे माद्या, पिल्लं आणि त्यांच्यासोबत राहणारे नर. गीरमध्ये नर आणि माद्या बराच काळ वेगवेगळे असतात, समागमाला किंवा मोठ्या शिकारीवर एकत्र येतात. त्यामुळे तिथला 'प्राइड' प्रामुख्यानं माद्या-पिल्लांचा. जोडीनं फिरणाऱ्या नरांना 'कोअलिशन' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे १७ सप्टेंबर २०२२ नंतर, नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आले तेव्हा, वर्तमानपत्रांत दिसू लागला. त्यातले दोन भाऊ एकत्र शिकार करत, म्हणून ते 'कोअलिशन'. मराठी बातमीदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "युती लिहू की आघाडी?" महाराष्ट्रात हा प्रश्न चित्त्यांपुरता राहत नाही, म्हणून मी त्याला 'भावांची जोडी' लिहायला सांगितलं.

७. मरणाच्या बातमीत कोटी नको

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला. जवळपास चाळीस पक्षी मेले, त्यांचे तुकडे वस्तीत पडले. दुसऱ्या दिवशी एका तरुण लेखिकेच्या इंग्रजी टिपणात 'अ फ्लॅम्बॉयन्स ऑफ फ्लेमिंगोज' आलं होतं. तिचा हेतू चांगला होता, नेमका शब्द वापरायचा. पण ज्या शब्दात भपका आणि दिमाख आहे तो त्या वाक्यात वाचवत नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूमुळे कावळे मरू लागले होते, तेव्हा 'मर्डर ऑफ क्रोज' हे शीर्षक देण्याचा मोह किती जणांना झाला असेल, कल्पना करा. कुणी वाचलं असतं तर आधी पोलिसांना फोन केला असता.

खाडीवर चिखलात चोच घालून उभे असलेल्या हजारो रोहितांसाठीही मला 'फ्लॉक' पुरतो. 'कॉलनी' मात्र जपून. तो शब्द घरटी केलेल्या वसाहतीसाठी ठेवावा. ती कच्छच्या रणात होते, ठाण्याच्या खाडीत हे पक्षी पोटासाठी येतात.

८. 'पार्टी' या गरीब शब्दाची आठवण ठेवा

भारतीय पक्ष्यांवरची जुनी इंग्रजी पुस्तकं, सालिम अलींची धरून, चाळली तर एक साधा शब्द वारंवार भेटतो: 'पार्टी'. लहानसा, सैल, एकमेकांना धरून फिरणारा गट. सातभाई पक्ष्यांना याहून योग्य शब्द नाही. (मराठीत ते भाऊ, इंग्रजीत त्याच 'सेव्हन सिस्टर्स', आणि संख्या सातच असते असंही नाही.) सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यानंतर वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी मिळून किडे शोधत फांद्यांवरून जातात. वटवटे, चष्मेवाले, निखार, मध्येच एखादा कोतवाल. याला 'मिक्स्ड हंटिंग पार्टी' म्हणतात. याद्यांमध्ये हे कधी सापडणार नाही, कारण याद्या एकेका जातीच्या असतात आणि जंगल तसं चालत नाही. तित्तिरांसाठी 'कव्ही'ही असाच कामाचा शब्द. माळरानावर पायाखालून फडफडत उठतात ते सगळे मिळून 'कव्ही'.

९. परीक्षेत पुस्तकातलं लिहा

पालक भांडायला येतात की 'ग्रूप ऑफ लायन्स' चूक कसं. चूक नाही. पण पेपर तपासणाऱ्याकडे उत्तरसूची छापील असते, तिथे 'प्राइड' लिहावं आणि दोन गुण घ्यावेत. वाद घालायला पुढे आयुष्य आहे.

१०. गोठ्यातले शब्द कागदानुसार ठरतात

पाळीव जनावरांचे इंग्रजी शब्द हे कामकऱ्यांचे शब्द आहेत. हाकत नेलेली गुरं 'ड्रोव्ह', जुंपलेली बैलजोडी 'योक', एका वेतातली पिल्लं 'लिटर', कोंबडीच्या पोटाखालची अंडी 'क्लच' आणि ती फुटून निघालेली पिल्लं 'ब्रूड'. यांतला एकही दरबारातून आलेला नाही, म्हणून ते टिकले. पण सरकारी योजनेच्या कागदात यातलंही काही चालत नाही. आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या शेळी गट वाटपात दहा शेळ्या आणि एक बोकड असतो. त्याचं इंग्रजी करताना एका उत्साही भाचरानं यादीतून शोधून 'ट्रिप ऑफ गोट्स' लिहिलं. बँकेनं विचारलं, सहल कुठे चालली आहे? तिथे 'युनिट' हा कोरडा शब्दच बरोबर, कारण अनुदान युनिटला मिळतं.

११. क्रियापद शेवटपर्यंत सांभाळा

शब्द बरोबर निवडून लोक पुढे घसरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. तेव्हाच्या मसुद्यांत 'द हर्ड हॅज एंटर्ड' अशी सुरुवात आणि त्याच वाक्यात 'अँड आर डिस्ट्रॉइंग' असा शेवट सापडायचा. ब्रिटिश इंग्रजीत कळपातले हत्ती सुटे सुटे वागत असतील तर अनेकवचन चालतं, अमेरिकन इंग्रजीत बहुतेक वेळा एकवचन. भारतीय वर्तमानपत्रं सहसा एकवचनाकडे झुकतात. कोणतंही घ्या, पण परिच्छेद संपेपर्यंत तेच ठेवा, 'इट्स' आणि 'देअर' यांच्यासकट. 'अ नंबर ऑफ एलिफंट्स'ला अनेकवचन आणि 'द नंबर ऑफ एलिफंट्स'ला एकवचन, हा एक नियम मात्र दोन्हीकडे सारखाच. आणि सुळे नसलेला एकटाच नर शेतात शिरला असेल, तर 'हर्ड' शब्द काढून टाका आणि 'अ मखना' लिहा. तो हिंदुस्थानी शब्द इंग्रजीनं आपल्याकडून कधीच उचलला आहे.